राजाच्या नातवाची रोजनिशी

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला पंधरा मुले झाली. त्यांतला सहावा मुलगा प्रिन्स ऑगस्टस फ्रेडरिक १७९२ च्या हिवाळ्यात रोममध्ये होता. तिथे त्याची गाठ लेडी ऑगस्टा मरे या उमराव घराण्यातल्या तरुणीशी पडली आणि एप्रिल १७९३ मध्ये दोघांनी गुपचूप लग्न केले. तिला दिवस गेल्यावर ते लंडनला परतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपण कोण हे न सांगता त्यांनी तिथल्या एका चर्चमध्ये पुन्हा एकदा लग्न लावले. १३ जानेवारी १७९४ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचेही नाव ऑगस्टस.

राजघराण्यातील कोणीही राजाच्या संमतीशिवाय लग्न केले तर ते लग्नच नव्हे, असा कायदा १७७२ मध्ये झाला होता. मूल सात महिन्यांचे असताना या कायद्याखाली आईवडिलांचे लग्न रद्दबातल ठरले. राजाचा सख्खा नातू, पण कायद्याने अनौरस. पुढे १८०१ मध्ये वडिलांना ड्यूक ऑफ ससेक्स ही पदवी मिळाली आणि त्याच सुमारास ते बायकोपासून वेगळे झाले. त्याच वर्षी ऑगस्टसला एक बहीण झाली. वडिलांचे आडनाव लावता येईना म्हणून दोन्ही मुलांनी डेस्टे हे आडनाव घेतले. एस्टे हे इटलीतले जुने घराणे, आईकडून आणि वडिलांकडूनही दूरचे पूर्वज. राणी व्हिक्टोरिया ही ऑगस्टसची सख्खी चुलत बहीण, त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान.

इतिहासाच्या पुस्तकांत हा माणूस एखाद्या तळटीपेत सापडतो. वैद्यकाच्या पुस्तकांत मात्र त्याला मानाची जागा आहे आणि त्याचे कारण त्याचे रक्त नव्हे, त्याने लिहिलेली रोजनिशी आहे. ज्या आजाराला त्याच्या हयातीत नावही नव्हते, त्या आजाराची चोवीस वर्षांची हकिगत त्याने स्वतः लिहून ठेवली. तो आजार म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्याला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही थोडक्यात एमएस म्हणतात. एखाद्या रुग्णाने स्वतः लिहिलेली या आजाराची पहिली सविस्तर नोंद म्हणून ती ओळखली जाते.

तरुणपणी ऑगस्टस धडधाकट होता. तो सैन्यात गेला. १८१५ च्या जानेवारीत अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सची लढाई झाली, तिथे तो ब्रिटिश फौजेत होता. पुढे तो लेफ्टनंट कर्नल झाला. घोडेस्वारी, प्रवास, लंडनमधले उच्चभ्रू वर्तुळ असे त्याचे आयुष्य चालले होते.

डिसेंबर १८२२ मध्ये तो स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखात एका नातेवाइकाला भेटायला गेला. या गृहस्थांवर त्याची वडिलांसारखी माया होती. तो पोचला तेव्हा ते वारले होते. तो अंत्यविधीला थांबला. सगळ्यांसमोर रडू आवरण्याची त्याने शिकस्त केली. विधी उरकताच त्याच्या लक्षात आले की आपल्याला पत्रे वाचता येत नाहीत. अक्षरे धूसर झाली होती. आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली, उत्तरेही सांगून लिहवून घ्यावी लागली. काही दिवसांनी तो आयर्लंडला गेला आणि तिथे काहीही उपचार न करता त्याची नजर पूर्ववत झाली. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

आजचा कोणताही मेंदूविकारतज्ज्ञ हा परिच्छेद वाचून थांबेल. तरुण वय, डोळ्यांपुढे अचानक धूसर होणे आणि काही आठवड्यांत आपोआप बरे वाटणे, ही दृष्टीच्या चेतातंतूला आलेल्या सुजेची ओळखीची खूण आहे. एमएसची सुरुवात बऱ्याच जणांत अशीच होते. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच चेतातंतूंवर उलटते. तंतूंभोवती मायलिन नावाचे आवरण असते, विजेच्या तारेवर असते तसे. ते जागोजागी झिजते आणि संदेश अडखळतात, चुकतात किंवा मधेच विरतात. मेंदूत, मज्जारज्जूत, डोळ्याच्या तंतूत कुठेही डाग पडू शकतात. त्यामुळे कुणाची नजर जाते, कुणाचा पाय ओढतो, कुणाच्या हाताला मुंग्या येतात. सुरुवातीच्या काळात सूज ओसरली की माणूस बरा होतो. म्हणून आजार गेला असे वाटते आणि सगळे तो विसरतात.

ऑगस्टसही विसरला असता. १८२६ मध्ये डोळ्यांचा त्रास परत आला आणि परत गेला. १८२७ च्या शरद ऋतूत तो इटलीत फिरत असताना मात्र गाडी घसरली. फ्लॉरेन्सला पोचेपर्यंत पुन्हा धूसर दिसू लागले, मग एकाच्या जागी दोन दोन दिसू लागले. तिथल्या डॉक्टरांनी पित्ताचा दोष ठरवला. कानशिलांवर जळवा लावल्या, दंडातून रक्त काढले, पोट साफ करण्याची औषधे दिली. दुहेरी दिसणे थांबले, पण त्यानंतर पायांतली ताकद गेली. एकाच दिवशी तो दोनदा जमिनीवर कोसळला. तीन आठवडे त्याला नोकरांच्या आधारावर काढावे लागले. मग पाय हळूहळू परत आले, पण पहिल्यासारखे नाहीत.

त्या काळच्या वैद्यकाला हसणे सोपे आहे. जळवा लावल्यावर दुहेरी दिसणे थांबले होते, मग जळवांनी गुण आला असे कुणालाही वाटणारच. हा आजार स्वतःच ओसरतो आणि त्याचे श्रेय शेवटच्या उपचाराला मिळते. आजही एमएसच्या रुग्णांना भोंदू उपचारांचे एवढे दाखले ऐकायला मिळतात, त्यामागे बऱ्याचदा हेच गणित असते.

पुढची वीस वर्षे ऑगस्टसने काय काय केले याची यादी लांब आहे. जर्मनीतल्या खनिज पाण्याच्या कुंडांत स्नाने, पाठीला आणि पायांना तऱ्हेतऱ्हेचे अर्क चोळणे, दिवसातून दोनदा गोमांस, वाइन, मग पथ्य, मग पथ्य मोडून दुसरे पथ्य. एका डॉक्टरने सांगितलेले दुसऱ्याने फिरवायचे. तो प्रत्येक गोष्ट मनापासून करून बघे आणि परिणाम लिहून ठेवी. त्याच्या लिहिण्यात डॉक्टरांवर राग नाही, ही नवलाची गोष्ट.

१८२८ च्या सुमाराच्या नोंदींत आणखी एक गोष्ट येते. कमरेखाली बधिरपणा आला, लघवीवर आणि शौचावर ताबा राहीना, शरीरसंबंधातली शक्ती कमी झाली. राजाच्या नातवाने हे स्वतःच्या हाताने लिहिले, हे लक्षात घ्यायला हवे. आजही रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, पाच मिनिटांच्या भेटीत, मागे रांग उभी असताना हे कुणी आपणहून सांगत नाही. बाई असेल तर नाहीच नाही. डॉक्टरने विचारले तरच कळते आणि डॉक्टर विचारतोच असे नाही.

मूत्राशयाच्या या तक्रारीचा झोपेशी थेट संबंध आहे. एमएसमध्ये मूत्राशय अतिसंवेदनशील होते. थोडी लघवी साठली तरी घाई होते आणि रात्रीत तीन-चार वेळा उठावे लागते. ज्याचे पाय धड आहेत तो उठून जाऊन येतो आणि पुन्हा झोपतो. ज्याचे पाय लटपटतात त्याला अंधारात भिंतीचा, काठीचा, घरच्या माणसाचा आधार घ्यावा लागतो. परत अंथरुणात येईपर्यंत झोप पार उडालेली असते. त्यात दिवसभर खुर्चीत बसून राहणाऱ्याच्या पायांत पाणी उतरते. आडवे झाले की ते पाणी रक्तात परत येते आणि रात्रीच लघवी वाढते. याला कंटाळून रुग्ण पाणी पिणेच कमी करतात. मग बद्धकोष्ठ होते, लघवीत जंतुसंसर्ग होतो आणि या दोन्हींमुळे पाय आणखी आखडतात. एका गोष्टीतून दुसरी निघते.

१८३० च्या दशकात ऑगस्टसचे चालणे हळूहळू बिघडत गेले. आता झटके येऊन ओसरण्यापेक्षा आजार संथपणे पुढे सरकत होता. आधी काठी, मग दोन काठ्या. १८३० मध्ये आई वारली. तिने उरलेले आयुष्य रॅम्सगेट या समुद्रकाठच्या गावी काढले होते. लग्न कायदेशीर होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता मुलावर आली. याच काळात तो वसाहतींमधल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या लंडनच्या संस्थेत रमला. कॅनडातल्या ओजिब्वे लोकांचे प्रतिनिधी पीटर जोन्स हे त्याचे स्नेही होते. स्वतःच्याच घराण्याने नाकारलेल्या माणसाला ही माणसे जवळची का वाटली असतील, याचा अंदाज बांधता येतो.

दरम्यान एक विलक्षण गोष्ट घडत होती. १८३८ मध्ये लंडनमध्येच रॉबर्ट कार्सवेल या विकृतिशास्त्रज्ञाचा चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. मृतांच्या शरीरांत दिसलेल्या बदलांची हाताने रंगवलेली ती चित्रे होती. त्यांत मज्जारज्जूवर विखुरलेले तपकिरी, आक्रसलेले डाग होते. पॅरिसमध्ये क्रुवेलिए यांनीही तसेच डाग चितारले होते. म्हणजे ऑगस्टसच्या शरीरात जे चालले होते, त्याचे चित्र त्याच्याच शहरात छापून विकले जात होते. डाग पाहणाऱ्यांना त्यांचा अर्थ कळत नव्हता आणि ऑगस्टसला तपासणाऱ्यांना डाग ठाऊक नव्हते.

एप्रिल १८४३ मध्ये वडील, म्हणजे ड्यूक ऑफ ससेक्स, वारले. ऑगस्टस एकोणपन्नास वर्षांचा होता. त्याने लगेच पदवीवर हक्क सांगितला. आपण औरस पुत्र आहोत, तेव्हा पुढचा ड्यूक आपणच, असा त्याचा दावा होता. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेले. अर्ध्या शतकापूर्वी रोममध्ये झालेल्या लग्नाचे साक्षीपुरावे निघाले. आईची पत्रे, तिच्या नोंदी, परदेशी कायद्याचे जाणकार असे सगळे पुढे आले. ऑगस्टसच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी लढाई होती.

नेमक्या याच वर्षाच्या नोंदींत नवी लक्षणे दिसतात. चक्कर, अंगाला कंप आणि रात्री पायांत येणारे झटके. दिवसा वकिलांच्या बैठका आणि रात्री हे.

या रात्रीच्या झटक्यांबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण एमएस असलेल्यांच्या झोपेचे खोबरे करण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. आपल्यापैकी अनेकांच्या पोटरीत कधीतरी रात्री गोळा येतो. चोळले, पाय ताणला की तो जातो. एमएसमधला झटका वेगळा असतो. मेंदू मज्जारज्जूला सतत काही संदेश पाठवत असतो आणि त्यांतले पुष्कळसे आवर घालणारे असतात. स्नायूने किती ताणायचे, कुठे थांबायचे हे ते ठरवतात. मज्जारज्जूत डाग पडले की हा लगाम सुटतो. मग क्षुल्लक कारणाने अख्खा पाय गुडघ्यात दुमडून पोटाकडे ओढला जातो किंवा काठीसारखा ताठ होतो. पांघरुणाचा स्पर्श, कूस बदलणे, भरलेले मूत्राशय, पायाच्या नखाची जखम, काहीही पुरते. हे रात्री जास्त जाणवते, कारण आडवे झाल्यावर सांध्यांची स्थिती बदलते, पाय बराच वेळ एकाच जागी राहतात आणि दिवसाची हालचाल थांबलेली असते. काही झटके दुखतात, काही दुखत नाहीत, पण झोप दोन्ही मोडतात. रुग्ण झोपेतून दचकून उठतो आणि आपण का उठलो हे कित्येकदा त्याला सांगता येत नाही. शेजारी झोपलेल्या माणसाला मात्र लाथ बसलेली असते, त्यामुळे त्याला ते बरोबर सांगता येते.

एमएस असलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांना झोपेची काही ना काही तक्रार असते. सगळ्यांचे कारण एक नसते. काहींना संध्याकाळ झाली की पायांत वळवळ सुरू होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. ही अस्वस्थ पायांची तक्रार या रुग्णांत इतरांपेक्षा बरीच जास्त आढळते. शरीरातले लोह कमी असेल तर ती वाढते. काहींच्या मेंदूच्या तळाशी, श्वासाचे नियंत्रण करणाऱ्या भागाजवळ डाग असतात आणि झोपेत श्वास अडतो. काहींना औदासीन्य असते, तेही पहाटे जागे करते. काही वेळा औषधच कारण ठरते. आजार उसळला की दिली जाणारी स्टेरॉइड झोप पळवतात, म्हणून ती शक्यतो सकाळी देतात. आणि मुळात काही महिन्यांत आपल्या अंगाचा कोणता भाग चालेल आणि कोणता नाही हे ठाऊक नसलेल्या माणसाला अंथरुणावर पडल्या पडल्या विचार येणारच.

याचा हिशेब दुसऱ्या दिवशी चुकवावा लागतो. थकवा ही एमएसची सर्वांत मोठी तक्रार. आजाराचा स्वतःचा एक थकवा असतोच. तो झोप झाली तरी जात नाही, उन्हात वाढतो, दुपारनंतर माणसाला पार झोपवतो. पण त्यात रात्रीच्या मोडक्या झोपेचा थकवा किती मिसळला आहे हे पाहिले जात नाही. रुग्ण म्हणतो, दमतो. डॉक्टर म्हणतो, आजाराचाच भाग आहे. दोघेही बरोबर असतात आणि विषय तिथेच संपतो. बसल्या जागी डोळा लागतो का, की झोप न येताही अंगात त्राण नसते, एवढे एक विचारले तरी पुष्कळ उलगडते. पहिल्यात रात्र तपासावी लागते.

ऑगस्टसच्या काळी झोपेसाठी अफू होती आणि मद्य होते. अफूने गुंगी येते, पण बद्धकोष्ठ होते आणि श्वास मंदावतो. मद्याने डोळा लागतो आणि मग मूत्राशय उठवते. दिवसभर वाइन घ्यायला सांगणाऱ्या डॉक्टरांना रात्रीचे हे टोक दिसत नव्हते.

आज हीच रोजनिशी घेऊन तो एखाद्या सरकारी रुग्णालयात आला असता, तर काय झाले असते? एमआरआयमध्ये डाग दिसले असते. आजार रोखणारी औषधे १८२२ च्या त्या पहिल्या झटक्यानंतर लवकर सुरू झाली असती, तर कदाचित चाकाची खुर्ची बरीच लांबली असती. पण १८४३ च्या टप्प्यावर आला असता तरी रात्रींसाठी करण्यासारखे पुष्कळ होते. झटक्यांसाठी बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडिनसारखी औषधे असतात. त्यांचा मोठा भाग झोपण्यापूर्वी घेता येतो. ही औषधे मनाने वाढवायची नसतात आणि बॅक्लोफेन तर एकदम बंद करायचेच नसते, त्याने झटके उसळतात आणि जिवावरही बेतू शकते. झोपण्यापूर्वी पायांचे स्नायू हळूहळू ताणण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतो, ते घरच्या माणसालाही करवून घेता येतात. पांघरूण पायांवर दाबून बसू नये म्हणून ते सैल ठेवणे, गुडघ्यांखाली उशी ठेवणे, अशा साध्या गोष्टींनीही फरक पडतो. दुपारी तासभर पाय उंचावर ठेवून पडले तर उतरलेले पाणी दिवसाच निघून जाते. पाणी कमी प्यायचे नाही, फक्त संध्याकाळनंतरचे आवरते घ्यायचे. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसेल तर सोनोग्राफीत कळते आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. झटके अचानक वाढले तर औषध वाढवण्याआधी लघवीची तपासणी करायची आणि पाठीवर, टाचांवर जखम झाली आहे का ते पाहायचे, कारण रुग्णाला तिथे संवेदना नसेल तर तो सांगू शकत नाही, त्याचे पायच आखडून सांगतात. घोरणे आणि श्वास अडणे असेल तर झोपेची चाचणी. लोहाची पातळी तपासायला तर एक साधी रक्तचाचणी पुरते. झोपेची सरसकट गोळी हा यांतला शेवटचा उपाय. ती झटका थांबवत नाही, श्वास अडत असेल तर तो आणखी मंदावू शकते आणि रात्री लघवीला उठणाऱ्या लटपटत्या माणसाला पाडते.

आणि या सगळ्याआधी आजचे डॉक्टर अशा रुग्णाला दोन आठवडे झोपेची नोंद ठेवायला सांगतात. किती वाजता पडलात, किती वेळा उठलात, कशाने उठलात, सकाळी कसे वाटले. ऑगस्टसला हे सांगावे लागले नसते.

आपल्याकडे एमएस हा थंड देशांचा आजार मानला जाई. तिथे तो जास्त आहे हे खरेच, पण तो आपल्याकडेही आहे. मुंबई आणि पुण्यातल्या पारशी समाजात त्याचे प्रमाण इतर भारतीयांपेक्षा बरेच अधिक असल्याचे इथल्याच डॉक्टरांनी नोंदवले आहे. एमआरआय सर्वत्र पोचल्यापासून इतर समाजांतले रुग्णही मोठ्या संख्येने दिसू लागले. यांत तरुण बायका जास्त. त्यांची रात्रीची तक्रार घरातल्या कामाच्या थकव्यात जमा होते.

जुलै १८४४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल लागला. राजाच्या संमतीविना झालेले लग्न इंग्लंडच्या हद्दीबाहेर लागले असले तरी रद्दच, असे ठरले. ऑगस्टस हरला. कायद्याचे शब्द स्पष्ट असतील तर त्यांचा सरळ अर्थ घ्यावा, कायदा करणाऱ्यांचा हेतू शब्दांतूनच कळतो, असे तत्त्व या प्रकरणात मांडले गेले. ते इतके गाजले की भारतातली न्यायालये आजही आपल्या निकालांत या ससेक्स प्रकरणाचा दाखला देतात. ड्यूक ऑफ ससेक्स ही पदवी त्यानंतर पावणेदोनशे वर्षे कुणालाच मिळाली नाही. २०१८ मध्ये ती प्रिन्स हॅरीला दिली गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतून जुन्या ड्यूकची आठवण निघाली. मुलाची फारशी निघाली नाही.

त्याच १८४४ मध्ये ऑगस्टस चाकाच्या खुर्चीला खिळला. नोंदी मात्र थांबल्या नाहीत. आज किती पावले टाकली, कुणाच्या आधाराने टाकली, कोणता अर्क चोळला, हे तो लिहीत राहिला. शेवटची नोंद १८४६ ची आहे. डिसेंबर १८४८ मध्ये, चोपन्नाव्या वर्षी, तो वारला. त्याने लग्न केले नव्हते. रॅम्सगेटच्या सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात आईसाठी बांधलेल्या समाधीगृहातच त्यालाही ठेवले. ज्या वकिलाने लॉर्ड्सपुढे त्याची बाजू मांडली ते सर थॉमस वाइल्ड. खटल्यानंतर वर्षभराने त्यांनी ऑगस्टसच्या बहिणीशी लग्न केले आणि पुढे ते इंग्लंडचे लॉर्ड चान्सेलर झाले.

आजाराला नाव मिळाले ते आणखी वीस वर्षांनी. १८६८ मध्ये पॅरिसच्या सालपेट्रिएर रुग्णालयात झाँ-मार्टिन शार्को यांनी जिवंत रुग्णांची लक्षणे आणि मृत्यूनंतर दिसणारे डाग यांची सांगड घातली आणि हा एक स्वतंत्र आजार असल्याचे दाखवून दिले. त्यांना ऑगस्टसची रोजनिशी माहीत असणे शक्यच नव्हते, ती कागदपत्रांत पडून होती. डग्लस फर्थ या इंग्रज डॉक्टरांनी ती वाचली, आजार ओळखला आणि १९४१ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला. पुढे १९४८ मध्ये, ऑगस्टसच्या मृत्यूला बरोबर शंभर वर्षे होत असताना, त्यांचे पुस्तक केंब्रिजहून निघाले. तेव्हापासून एमएसच्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात हा रुग्ण असतो. तिथे डोळे, पाय, खुर्ची हे सगळे सविस्तर येते. रात्रीचे झटके सहसा एका ओळीत उरकलेले असतात.